आधी नंबर, मग नाव

साताऱ्यात रिक्षात बसा आणि एखाद्या चौकाचं पाटीवरचं नाव सांगून पाहा. रिक्षावाला आरशातून बघेल आणि विचारेल, "म्हणजे नक्की कुठं, काका?" मग तुम्ही म्हणता, बॉम्बे रेस्टॉरंटच्या तिथं. रिक्षा सुटते. पोवई नाका, मोती चौक, चार भिंती, बॉम्बे रेस्टॉरंट. या नावांसाठी कुणी फीत कापली नाही की नारळ फोडला नाही, तरी ती टिकली.

आमच्या भागात एक तिठा आहे. त्याला नाव द्यायचं म्हणून गेल्या पावसाळ्यात दोन मंडळांची जुंपली. दोन्ही नावं राजकारणातली. त्यातलं एक तर अजून हयात असलेल्या, चांगल्या ठणठणीत माणसाचं. एका रात्री फलक लागला, दुसऱ्या रात्री निघाला, तिसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. तिठ्यावरचा दिवा त्या सगळ्या काळात बंदच होता, पण तो विषय कुणाच्याच निवेदनात नव्हता.

त्याच आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरला. आपल्या लाडक्या नेत्याचं नाव अंतराळातल्या एखाद्या लघुग्रहाला मिळावं म्हणून सह्यांची मोहीम, सर्वांनी सही करावी. मी एका ओळीत उत्तर दिलं, "नियमात बसत नाही, शंभर वर्षं थांबावं लागेल." त्यावर मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत मराठीनं एका अनुस्वाराचंच अंतर ठेवलंय, आणि ग्रुपच्या मते मी दुसरं करत होतो.

पण ती ओळ मी सहज लिहिली नव्हती. सूर्याभोवती फिरणाऱ्या या दगडांना नावं कशी द्यायची, याची एक पद्धत सव्वादोनशे वर्षांत ठेचा खात तयार झाली आहे. निर्दोष नाही, पण आपल्या नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी तिच्यातल्या दोन-तीन गोष्टी सरळ उचलाव्यात, असं माझं म्हणणं आहे.

पहिली गोष्ट ही की दगड सापडला म्हणून त्याला नाव मिळत नाही. मिळतो तो एक तात्पुरता संकेत. पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह घेऊ. 11 नोव्हेंबर 2006 रोजी अमेरिकेतल्या कॅटालिना सर्वेक्षणात तो दिसला, तेव्हा त्याचं नाव होतं '2006 व्हीपी32'. हा गिचमिड वाटणारा संकेत खरं तर आपल्या पंचांगाच्या वळणाचा आहे. वर्षाचे महिने बारा, प्रत्येकाचे दोन पंधरवडे, म्हणजे चोवीस. प्रत्येक पंधरवड्याला एक रोमन अक्षर. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्याला ए, दुसऱ्याला बी, असं करत नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला व्ही येतं. फक्त हे पक्ष चंद्राचे नाहीत, तारखेचे. आणि आय हे अक्षर गाळलेलं, कारण ते एकाच्या आकड्यासारखं दिसतं. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला क्रम सांगतं. पंचवीस अक्षरं संपली की पुन्हा ए पासून सुरुवात, आणि किती फेऱ्या झाल्या ते शेवटच्या आकड्यात. पी हे पंधरावं अक्षर, फेऱ्या बत्तीस. बत्तीस गुणिले पंचवीस अधिक पंधरा. म्हणजे त्या एका पंधरवड्यात नोंदला गेलेला आठशे पंधरावा दगड! पाळण्यातल्या पोराची चिठ्ठी म्हणा हवं तर, दवाखान्यात मनगटाला बांधतात तशी.

पुढं अनेक वर्षं त्याला पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. एकदा दिसलेला ठिपका कुठल्या वाटेनं फिरतो हे पक्कं ठरल्याशिवाय त्याला कायमचा क्रमांक मिळत नाही, कारण वाट पक्की नसेल तर तो हरवतो. 719 क्रमांकाचा अल्बर्ट 1911 मध्ये सापडला, नाव मिळालं आणि बेपत्ता झाला, तो 2000 साली पुन्हा दिसला. तेव्हापासूनचा धडा असा की आधी दगडाचा पत्ता, मग नंबर, मग नाव. आज आठ लाखांहून अधिक लघुग्रहांना नंबर आहेत. नावं आहेत सुमारे पंचवीस हजारांना. बाकीचे बिननावाचे सुखानं फिरतायत.

जसराजांच्या दगडाचा कायमचा क्रमांक 300128. पंडितजींचा जन्म 28 जानेवारी 1930 चा. वर्ष, महिना, दिवस असं वाचलं की तीच तारीख. कुणीतरी कौतुकानं तो नंबर हेरला असणार. 2019 मध्ये नाव जाहीर झालं तेव्हा पंडितजी हयात होते. सवाई गंधर्वला साताऱ्याहून एसटीनं जाऊन रात्र रात्र त्यांना ऐकलेली माणसं इथं अजून आहेत. त्यातल्या एकानं मला विचारलं होतं, "मग हयात माणसाचं नाव चालतं की! आमच्या साहेबांचं का नाही?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागं जावं लागेल.

1 जानेवारी 1801 च्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मो इथं जुझेप्पे पियाझ्झी यांना मंगळ आणि गुरू यांच्यामधला पहिला लहान ग्रह दिसला. सिसिलीची धान्यदेवता सेरेस हिचं नाव त्यांनी दिलं आणि त्याला शेपूट जोडलं 'फर्डिनांडिया'. फर्डिनांड हे तिथले राजे, वेधशाळेचे आश्रयदाते. म्हणजे एक नाव मातीचं आणि एक गादीचं. बाकी युरोपला हे शेपूट मानवलं नाही. कुणाचा राजा, आम्ही का म्हणू? ते गळून पडलं, सेरेस राहिली. वीस वर्षांआधी हर्शेलनं युरेनस शोधला तेव्हाही हेच झालं होतं. त्यानं इंग्लंडच्या जॉर्ज राजाचं नाव दिलं, ते इंग्लंडबाहेर कुणी घेतलं नाही.

1850 मध्ये लंडनच्या जॉन रसेल हाइंडनं बाराव्या लघुग्रहाला 'व्हिक्टोरिया' म्हटलं. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ भडकले. राज्यावर बसलेल्या राणीचं नाव? त्यांनी 'क्लिओ' वापरायला सुरुवात केली. शेवटी तडजोड निघाली की व्हिक्टोरिया ही रोमन विजयदेवतासुद्धा आहे, तेव्हा समजा देवीचंच नाव आहे. पळवाट शोधायची ही कला आपल्याकडच्या सभापतींनाही जमली नसती. क्लिओ पंधरा वर्षांनी, 84 व्या दगडावर बसली.

हे वाचताना मला समोरचा अजिंक्यतारा दिसतो. 1700 साली औरंगजेबानं साताऱ्याचा किल्ला घेतला आणि त्याला आपल्या मुलाचं, आझमशहाचं नाव दिलं, आझमतारा. ताराराणींच्या सैन्यानं तो परत घेतला आणि त्याचा अजिंक्यतारा झाला. किल्ला तोच, तट तोच, मंगळाईचा बुरूज तोच. बापानं पोराचं नाव डोंगराला दिलं आणि ते डोंगरावर राहिलं नाही. साताऱ्याच्या माणसाला तरी हे वेगळं सांगायला नको. गडावर फिरायला जाणाऱ्या शंभर जणांना विचारा, आझमतारा हे नाव किती जणांना ठाऊक आहे. आमच्या तिठ्यावर जे चाललं होतं त्यात आणि आझमताऱ्यात मला फरक दिसतो तो आकाराचा.

आकाशात पैशाचाही प्रयोग होऊन गेला. व्हिएन्नाच्या योहान पालिसा यांनी डोळा दुर्बिणीला लावून तब्बल 122 लघुग्रह शोधले. 1886 चं खग्रास सूर्यग्रहण बघायला जायचं तर खर्चाला पैसे नव्हते. त्यांनी जाहिरात दिली की माझ्या एका लघुग्रहाचं नाव ठेवण्याचा हक्क पन्नास पौंडांना. बॅरन अल्बर्ट फॉन रॉथशील्ड यांनी तो घेतला आणि दगडाला बायकोचं नाव दिलं. ती 250 बेटिना. पालिसांचा मला राग येत नाही, ग्रहणासाठी मीही काय काय विकलं असतं. पण आज हे चालत नाही. हक्क विकता येत नाही, व्यापारी मालाचं नाव देता येत नाही. वाढदिवसाला 'तारा विकत घ्या' म्हणून सोनेरी कडेचं प्रमाणपत्र देणारे जे कुणी आहेत, त्यांच्या कागदाला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघ विचारत नाही. एका पुतण्यानं मला तसं एक दिलंय. फ्रेम चांगली आहे.

राजकारण मात्र बराच काळ चालू राहिलं. 852 व्लादिलेना हा लेनिनच्या नावाचा. 932 हूव्हेरिया हा अमेरिकेच्या हर्बर्ट हूव्हर यांच्या नावाचा, तेही ते राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, पहिल्या महायुद्धानंतर उपाशी ऑस्ट्रियाला अन्न पुरवलं म्हणून. दोघं एकाच पट्ट्यात फिरतात आणि टक्कर होत नाही, कारण तिथं जागा भरपूर आहे. पण अशा प्रकरणांतून सगळ्यांना एक कळलं की आजचा नायक उद्या कुणाचा काय ठरेल सांगता येत नाही, आणि दगडावरचं नाव एकदा छापलं की सहसा पुसलं जात नाही. म्हणून नियम आला. जी व्यक्ती किंवा जी घटना मुख्यतः राजकारणासाठी किंवा लष्करी कामगिरीसाठी ओळखली जाते, तिचं नाव मृत्यूनंतर, किंवा घटनेनंतर, शंभर वर्षं देता येत नाही.

गायकाला, गणितीला, खेळाडूला, कवीला ही अट नाही. 1958 क्रमांकाचा चंद्रा हा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा. 4130 रामानुजन हा 1988 मध्ये तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत आर. राजमोहन यांनी शोधला. 4538 विशीआनंद म्हणजे आपला बुद्धिबळातला आनंद. जसराजांच्या चाहत्याला मी हेच सांगितलं की हयात असणं हा अडथळा नाहीच. साहेबांना गाता येत असेल तर बघू.

बाकीचे नियम पटकन सांगतो. नाव सोळा रोमन अक्षरांत बसलं पाहिजे, शक्यतो एक शब्द, कुठल्या तरी भाषेत उच्चारता आलं पाहिजे, कुणाला अपमानकारक नको, आधीच्या नावाशी फार सारखं नको. शोधणाऱ्याला नंबर मिळाल्यापासून दहा वर्षं नाव सुचवण्याचा मान. मात्र स्वतःचं नाव द्यायचं नाही. (धूमकेतूचं उलटं आहे. तो शोधणाऱ्याच्याच नावानं ओळखला जातो. 1949 चा बाप्पू-बोक-न्यूकर्क धूमकेतू हा आपल्या वेणू बाप्पूंचा.) पाळीव प्राण्यांची नावंही टाळा म्हणतात, आणि त्याला कारण एक मांजर. 2309 मिस्टर स्पॉक हा शोधणाऱ्याच्या मांजराच्या नावाचा आहे, आणि ते मांजर दूरदर्शन मालिकेतल्या पात्राच्या नावाचं. नावं मंजूर करणाऱ्या समितीला हे फार झालं.

सोळा अक्षरांवर मात्र क्षणभर थांबायला हवं, कारण आपल्याकडे सगळं घोडं तिथंच अडेल. शिवछत्रपतींना शंभर वर्षांची अट आड येत नाही, 1680 ला तीनशेहून जास्त वर्षं झाली. पण 'छत्रपतिशिवाजी' रोमनमध्ये लिहा, अठरा अक्षरं होतात. 'महाराज' तर लांबच. मग नुसतं 'शिवाजी' लिहायचं? विमानतळापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत आदरार्थी उल्लेखासाठी आपण किती जागरूक आहोत, ते मी वेगळं सांगायला नको. आदरार्थी बहुवचन आकाशात मावत नाही. तेव्हा सह्यांची मोहीम काढण्याआधी हे ठरवून घ्यावं की आपल्याला नाव हवंय की बिरुदावली.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. नाव मंजूर झालं की त्याबरोबर कारण छापावं लागतं. दोन-चार ओळी. ही व्यक्ती कोण, तिनं काय केलं, हे नाव का. पंचवीस हजार नावांपैकी कुठलंही काढा, जुन्या काही सोडता कारण सापडतं. आपल्या गावातल्या पाटीवर नाव असतं, वर कमान असते, सौजन्य असतं, आणि सौजन्य देणाऱ्याचा फोटो नाव असलेल्यापेक्षा मोठा असतो. कारण नसतं. एका चौकातल्या पाटीवरच्या स्वातंत्र्यसैनिकानं नक्की काय केलं, हे त्या चौकातल्या चहावाल्याला, पानवाल्याला आणि समोरच्या शाळेतल्या दहा पोरांना मी विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. पोरं हुशार होती, त्यांनी मोबाइल काढला. मोबाइललाही आलं नाही. तीन ओळी पाटीवर असत्या तर त्या माणसाला मेल्यावर दुसऱ्यांदा मरावं लागलं नसतं.

आता आक्षेप. एक आक्षेप असा की नावात एवढं काय, दिवा लावा, खड्डे बुजवा. हे म्हणणाऱ्यांना मी साताऱ्याचीच आठवण देतो. ऑक्टोबर 2011 मध्ये या जिल्ह्यात 285 मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली. त्या सगळ्यांचं आधीचं नाव एकच होतं, नकुशी. नको असताना झाली म्हणून नकुशी. हजेरी घेताना रोज ते नाव ऐकून 'हजर' म्हणायचं. नवं नाव त्या मुलींनी स्वतः निवडलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं असेल, त्यानंतर नावात काय असतं हे विचारायची माझी तरी हिंमत नाही. अपमानकारक नाव नको, हा आकाशातल्या दगडाला मिळालेला नियम आपल्या लेकींना मिळायला 2011 उजाडलं.

दुसरा आक्षेप जड आहे आणि त्याच्यापुढं माझा शंभर वर्षांचा आग्रह टिकत नाही, हे आधीच कबूल करतो. राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरात क्रमांक 1914, नाव भिवा रामजी आंबेडकर. इथंही आधी नंबर. त्या मुलाचं नाव मराठवाड्यातल्या विद्यापीठाला द्यायचा ठराव विधिमंडळात 1978 मध्ये झाला, आणि प्रत्यक्षात नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला. मधल्या सोळा वर्षांत माणसं मारली गेली, घरं जाळली गेली. बाबासाहेब 1956 मध्ये गेले. शंभर वर्षांचा नियम लावायचा तर 2056 पर्यंत थांबा. हे मी कुणाला सांगू? ज्यांनी नावासाठी एवढं सोसलं त्यांना 'थांबा' म्हणण्याचा अधिकार मला नाही. ज्यांची नावं शतकानुशतकं कुठंच लिहिली गेली नाहीत, त्यांच्या दृष्टीनं शंभर वर्षांची अट म्हणजे आधी येऊन बसलेल्यांची जागा राखून ठेवणं. आकाशातही ते खरं आहे. आधी येऊन बसल्या त्या ग्रीक-रोमन देवता. वरुणाला पोहोचायला विसाव्या हजाराचा नंबर लागला. 20000 क्रमांकाचा वरुण नेपच्यूनच्या पलीकडं फिरतो. आणि मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी 1861 मध्ये पहिला लघुग्रह शोधला, तर त्याचं नाव 67 एशिया. अख्खा खंड एका दगडात आटोपला!

तरीही मला वाटतं की या आक्षेपातून नियमाचा खरा गाभाच हाती येतो. फर्डिनांड, जॉर्ज, आझमशहा ही नावं वरून खाली आली. देणारा सत्तेत, नाव घरचं. नामांतर खालून वर गेलं, सत्तेच्या नाकावर टिच्चून. या दोहोंना एकच कालमर्यादा लावणं अन्याय आहे. म्हणून साताऱ्यापुरती माझी मागणी अशी. ज्याची ठरावावर सही आहे, त्याच्या घरातल्या किंवा पक्षातल्या हयात माणसाचं नाव कुठल्याही सार्वजनिक जागेला द्यायचं नाही. पदावर असलेल्या किंवा पदावरून गेलेल्या राजकारण्यासाठी मृत्यूनंतर निदान पंचवीस वर्षं. मी शंभरावरून पंचवीसवर आलोय, याहून खाली येणार नाही. तोवर रस्त्याला, तिठ्याला, पाण्याच्या टाकीला नंबर. आणि नाव द्याल तेव्हा पाटीवर तीन ओळी कारण. क्रांतिसिंह नाना पाटील 1976 ला गेले, यशवंतराव 1984 ला. दोघंही या चाळणीतून आरामात पार होतात. ज्यांना ती अडवेल त्यांची यादी तुम्हीच करा.

आणि आकाशात साताऱ्याचं कुणी जावं असं खरंच वाटत असेल तर वाट आहे. गुरूच्या कक्षेत, गुरूच्या पुढं आणि मागं, लघुग्रहांचे दोन तांडे फिरतात. त्यांना ट्रोजन म्हणतात. पुढच्या तांड्याला ग्रीक वीरांची नावं द्यायची आणि मागच्या तांड्याला ट्रॉयच्या वीरांची, असा संकेत. फक्त संकेत ठरण्याआधीच दोन नावं पडली होती, त्यामुळं ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांच्या छावणीत आणि ग्रीकांचा पॅट्रोक्लस ट्रॉयच्या छावणीत. पांडवांच्या गोटात कर्ण जाऊन बसावा तसं. पुढं ट्रोजन इतके सापडले की महाकाव्यातले वीर पुरेनात. मग 2018 मध्ये नियम सैल केला की यातल्या लहान, अंधुक दगडांना ऑलिम्पिक खेळाडूंची नावं देता येतील.

ऑलिम्पिक खेळाडू म्हटल्यावर कराडच्या माणसाला पुढचं सांगायला नको. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952, हेलसिंकी, कुस्तीचं कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते, लोकांनी वर्गणी काढली. 'खाशाबाजाधव' रोमनमध्ये चौदा अक्षरं, सोळात बसतात. शंभर वर्षांची अट लागू नाही. कुणाचा अपमान नाही. कारण दोन ओळींत मावतं. ज्या काळात शिफारशीसाठी कुणाचं दार वाजवावं लागत होतं, त्या काळातला हा माणूस नियमाच्या प्रत्येक ओळीत चपखल बसतो, आणि आमचा ग्रुप सह्या गोळा करत होता त्या भलत्याच नावासाठी. अडचण एकच. सह्या पाठवून भागत नाही. नाव सुचवण्याचा मान शोधणाऱ्याचा. म्हणजे एक तर ज्यांनी ट्रोजन शोधलेत त्यांना पटवा, नाहीतर स्वतः शोधा.

स्वतः शोधणं वाटतं तेवढं अशक्य राहिलेलं नाही. मोठ्या दुर्बिणींची चित्रं शाळकरी पोरांना तपासायला देणारे उपक्रम आहेत, आणि भारतातल्या मुलांनी त्यांत नवे ठिपके पकडलेत. उलट घाईच करायला हवी, कारण चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेनं 2025 मध्ये सुरुवातीच्या दहाएक तासांच्या निरीक्षणातच 2104 नवे लघुग्रह टिपले. यंत्र इतक्या वेगानं शोधणार असेल तर शोधणारा कोण आणि मान कुणाचा, हा वाद आता लवकरच पेटेल. पण ती पुढची गोष्ट.

बघण्याचं फळ काय मिळतं ते आमच्या डोक्यावरच आहे. कासच्या पठारावरल्या डबक्यांत वायतुरा उगवतो, त्याचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. जगातल्या कुठल्याही वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात साताऱ्याचं नाव आहे ते कुणी मोर्चा काढला म्हणून नाही. काही माणसं चिखलात वाकून बसली, पानं मोजली, आधीच्या नोंदी चाळल्या, म्हणून आहे. मंगळावर तर एक विवर 'भोर' नावाचं आहे, आमच्या शेजारचं भोर. तिथल्या लहान विवरांना लहान गावांचीच नावं देतात, महानगरांना बंदी. भोरकरांनी त्यासाठी ठराव केल्याचं ऐकिवात नाही.

2025 च्या एप्रिल संपता संपता आम्ही चार-पाच हौशी लोक दहा-बारा पोरांना घेऊन यवतेश्वरच्या पुढं कासच्या वाटेवर गेलो होतो. गव्यांच्या भीतीनं गाडीजवळच थांबलो. तूळ राशीत वेस्टा हा लघुग्रह होता, एवढा उजळ की नजर चांगली असलेल्याला अंधारात नुसत्या डोळ्यांनीही चाहूल लागावी. द्विनेत्रीतून तर सहज. चांदण्यांतली एक चांदणी, दिसायला काहीच वेगळी नाही. पोरांना कागदावर भोवतालचे ठिपके काढायला लावले आणि दुसऱ्या रात्री पुन्हा. एका रात्रीत तो जेमतेम अर्ध्या चंद्राइतका सरकतो. सातवीतली एक मुलगी कंदिलाच्या उजेडात दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "सर, हाच हलला." मग तिनं विचारलं, याचं नाव कुणी ठेवलं?

मी सांगितलं. 1807 मध्ये हाइनरिश ओल्बर्स यांनी तो शोधला, पण नाव त्यांनी ठेवलं नाही. हरवलेली सेरेस कुठं सापडेल ते गणितानं काढून दाखवणारे गाऊस तेव्हा तरुण होते. ओल्बर्सनी नाव ठेवण्याचा मान त्यांना दिला, आणि गाऊसनी चूलदेवतेचं नाव सुचवलं, वेस्टा.

"म्हणजे ज्यांचा हक्क होता त्यांनी सोडला?"

हो म्हटलं. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

आमच्या तिठ्याचं सांगायचं राहिलं. दोन्ही मंडळांनी हट्ट सोडला नाही, त्यामुळं पाटी लागलीच नाही. मधल्या काळात लोक त्याला 'बंद दिव्याचा तिठा' म्हणायला लागले. गेल्या महिन्यात दिवा लागला. परवा स्टँडवरून येताना मी रिक्षावाल्याला तेच नाव सांगितलं, त्यानं काही न विचारता मीटर पाडला.